खाचराचं अक्षर

सकाळी सहाला भोरमध्ये नुकतं फटफटलेलं असतं, तेव्हा तैवानात साडेआठ वाजलेले असतात. आत्याच्या माजघरात खिडकीशी, मोबाइल तांब्याला टेकवून मी बसते. समोर चौकटीची वही आणि टोक केलेल्या दोन पेन्सिली. पलीकडे माझ्या बाई, निवृत्त शिक्षिका. त्यांना मी ‘लाओ-ष’ म्हणते. पुढच्या वर्षी तिथल्या एका वृद्धाश्रमात सेवेला जायचं आहे. ज्यांना घास भरवायचा, ज्यांचं अंथरूण आवरायचं, त्यांचं दुखणं त्यांच्या भाषेत कळायला हवं, म्हणून हे वर्ष मँडरिनचं.

पहिल्या आठवड्यात एक आनंद पदरात पडला. तैवानची मुलं उच्चार शिकतात ते ‘पो फो मो’ने सुरू होणाऱ्या सदतीस खुणांवरून, आणि ती ओळ आपल्या बाराखडीच्या घरातलीच वाटते. आधी प, मग हकार मिसळलेला प. पुढे त, थ, न, ल. मग क, ख. ज्या भाषांत प आणि फ वेगळे मोजत नाहीत, त्या भाषांतल्या माणसांना इथे म्हणे फार घाम गाळावा लागतो. मराठी माणसाला हा भेद आईच्या कुशीतच मिळालेला असतो. आणि आपले दोन च! ‘चाक’मधला दातांमागचा च आणि ‘चार’मधला टाळूचा च, दोन्ही त्यांच्याकडे वेगवेगळ्या खुणांनिशी हजर. आपण एकाच अक्षरात दोघांना बसवतो आणि कोणी विचारत नाही. मी आत्याला दोन्ही म्हणून दाखवले. ती भाजी निवडता निवडता म्हणाली, “मग तुझं अर्धं काम आम्हीच करून ठेवलंय की.”

उरलेलं अर्धं सुरांचं. पहिला सूर तंबोऱ्यासारखा वर, सपाट. दुसरा, आतल्या खोलीतून हाक आल्यावर आपण “आं?” म्हणतो तसा चढणारा. तिसरा खाली बुडी मारून वर येतो. चौथा, “बस!” म्हणताना पडतो तसा. ‘माइ’ तिसऱ्या सुरात म्हटलं तर विकत घेणं, चौथ्या सुरात म्हटलं तर विकणं. बाजारातून तांदूळ आणल्याचं सांगायला गेले आणि तांदूळ विकल्याचं सांगून बसले. बाईंनी ते वाक्य माझ्याकडून इतक्या वेळा म्हणून घेतलं की घसा दुखायला लागला. त्या दिवसापासून घेणं आणि देणं यांतलं अंतर एका सुराचं आहे हे माझ्या जिभेला कळलं.

लिहिण्याचं काम सावकाश चालतं. एकेक अक्षर वीस चौकटींत वीस वेळा. शेत म्हणजे ‘थ्येन’, पाच रेघांचं. चौकोन, त्यात एक उभी आणि एक आडवी रेघ. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा वाटलं, हे तर वेल्ह्याच्या रस्त्यावरचं खाचर. उताराला टप्प्याटप्प्याने बांध घातलेले, मधून पाणी चमकणारं. रेघांचा क्रम ठरलेला असतो: डावी उभी, मग वरून वळून उजवी, मग आतल्या दोन आणि तळाची रेघ सगळ्यात शेवटी. आधी आत जायचं, मग दार लावायचं, असं बाई शिकवतात. मी तळाची रेघ आधी मारली की त्या पाहता क्षणी ओळखतात. अक्षर दिसायला तसंच असतं, पण त्याचा तोल जरा कललेला असतो.

या कामात मला तीन जणांची सोबत वाटते. सोळाव्या शतकात इटलीचा मातेओ रिची 1578 साली गोव्यात उतरला आणि इंग्लंडचा थॉमस स्टीफन्स त्याच्या पाठोपाठ 1579 साली. दोघंही तरुण, दोघंही जेझुइट, घर सोडून आलेले. रिची 1582 मध्ये मकावला गेला, चिनी शिकला, आणि 1595 मध्ये त्याने चिनी भाषेत मैत्रीवर छोटा ग्रंथ लिहिला. स्टीफन्स इथेच राहिला, मराठी शिकला आणि ‘क्रिस्तपुराण’ ओव्यांत रचलं. ते 1616 साली रायतूरला छापलं गेलं. ओवी ही जात्यावरच्या बायकांची, संतांची. परक्या माणसाने ती कानावर पडून पडून उचलली असणार, तिची लय अंगात मुरेपर्यंत कोणाच्या तरी ओसरीवर बसला असणार. त्या ओसरीवाल्यांची नावं कुठे नोंदलेली नाहीत. मला त्यांचा विचार येतो. कोणीतरी त्यालाही चुकलेलं वाक्य पुन्हा म्हणायला लावलं असेल.

आणि सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस. पाच डॉक्टरांच्या भारतीय पथकातून ते 1938 साली चीनला गेले. त्यांचं मिशन धर्माचं नव्हतं, शस्त्रक्रियेचं होतं. ते तिथली भाषा शिकले आणि विद्यार्थ्यांना त्याच भाषेत शिकवू लागले. तिथल्याच परिचारिकेशी लग्न झालं, मुलगा झाला. त्याचं नाव यिनह्वा. पहिलं अक्षर भारताचं, दुसरं चीनचं. 9 डिसेंबर 1942 ला, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी ते गेले. मुलगा तेव्हा काही महिन्यांचा होता. ती दोन अक्षरं मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवली आहेत.

मी दुसरी एक वही ठेवते, रात्रीची. आमच्या घरी लहानपणापासून झोपण्यापूर्वी उपकारस्तुती असायची. वडील म्हणायचे, मोघम आभार मानू नका, नाव घेऊन माना. ते आता मी मँडरिनमध्ये करते, रोज तीन ओळी. माझ्याजवळ जेमतेम चारशे शब्द. चारशे शब्दांत आयुष्याच्या सौंदर्याबद्दल काही म्हणता येत नाही. “आत्याने भात दिला.” “पाऊस आला.” “ड्रायव्हर थांबला.” एवढंच जमतं. मराठीत मी प्रार्थना करताना किती मोठमोठे शब्द वापरत होते, हे या तोटक्या ओळींनी दाखवून दिलं. आता मराठीतही आधी माणूस आठवतो, मग त्याने केलेलं काम, आणि विशेषणाची गरज पडत नाही.

कृतज्ञतेला त्यांच्याकडे ‘कान-अन’ म्हणतात. दोन अक्षरं, आणि दोन्हींच्या तळाशी काळजाचं चिन्ह: एक वळलेली रेघ आणि तीन ठिपके. रोजच्या धन्यवादाचं ‘श्ये’ मात्र सतरा रेघांचं. आज दिसतात तसे त्याचे भाग डावीकडून बोलणं, शरीर आणि तसू. बोलणं, त्यामागे अख्खं अंग, आणि शेवटी बोटभर माप.

पण हा शब्द घरच्या माणसांशी फारसा वापरू नकोस, असं बाईंनी बजावलं. त्याचं उत्तर असतं ‘पू ख-छी’, म्हणजे पाहुण्यासारखं वागू नका. ऐकताच मला जुलैतलं वेल्हं आठवलं.

कागदोपत्री तालुका आता राजगड झाला आहे. एसटीतल्या बायका अजून वेल्हेच म्हणतात. भोरहून चेलाडीला एक गाडी, तिथून दुसरी. मार्गासनी मागे पडलं की डावीकडे राजगड ढगात, समोर तोरणा ढगात. विंझरजवळच्या एका वाडीवर आत्याच्या ओळखीच्या काकूंकडे इर्जिक होती. चिखलणी झालेली, इंद्रायणीचा तरवा उपटून मुठी बांधून बांधावर ठेवलेल्या. अकरा जणी खाचरात उतरलो. पाय पोटऱ्यांपर्यंत आत. तीन-चार काड्या चिमटीत धरायच्या, अंगठ्याने चिखलात रोवायच्या, एक पाऊल मागे यायचं. मागे येत येत लावायचं असल्याने आपण केलेलं काम सतत डोळ्यांपुढे राहतं. माझी ओळ सुरुवातीला वाकडी गेली, तर शेजारच्या मावशी काही न बोलता माझ्या चार काड्या उपटून सरळ लावून पुढे गेल्या.

दुपारी बांधावर भाकरी, वाटाण्याची आमटी आणि भात. उठताना मी काकूंना म्हणाले, “खूप आभारी आहे.” त्या ताट उचलता उचलता थांबल्या. “अगं, आभार कसलं मानतीस? तू काय पाव्हणी हायेस व्हय? उद्या सुमनच्या वावरात यायचंय तुला.”

पाहुणी. तोच शब्द.

त्या रात्री भोरला परतून मी हा प्रसंग बाईंना लिहिला. शब्द कमी पडले, म्हणून ‘थ्येन’ काढलं आणि त्यात अकरा ठिपके दिले. बाईंनी दुसऱ्या दिवशी पहाटेच आवाज पाठवला. त्यांच्या लहानपणी गावात भातलावणी अशीच चालायची. आज तुमच्याकडे, उद्या आमच्याकडे, पैसे नाहीत. त्याला शब्द आहे, ‘ह्वान-कुंग’. ह्वान म्हणजे अदलाबदल, त्याच्या डाव्या अंगाला हाताचं चिन्ह. कुंग म्हणजे काम: दोन आडव्या रेघा, मधे एक उभी.

मी तो शब्द पाच वेळा लिहिला, आणि सहाचा तास त्या दिवसापुरता नको असं त्यांना कळवलं. नखांतला चिखल काल घासूनही निघाला नव्हता, त्याची पुसट रेघ कागदावर उमटली. आत्याने डब्यात दोन भाकऱ्या जास्त घातल्या. सुमनताईंच्या वावरात साडेआठपर्यंत पोचायचं होतं.