दंतवैद्यांची मानदुखी व पाठदुखी : कारणे आणि उपाय

दाढ ठणकू लागली की आपण दंतवैद्याकडे धाव घेतो. परंतु दिवसभर वाकून काम करणाऱ्या त्या डॉक्टरांची मान, खांदे, कंबर व मनगटही दुखत असेल, हा विचार आपल्या मनात सहसा येत नाही. जगभरातील पाहण्यांत निम्म्याहून अधिक दंतवैद्यांनी अशी तक्रार केलेली आढळते. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या भागात आपल्या समाजातील मुले-मुलीही आता या व्यवसायात आहेत, म्हणून हा विषय येथे मांडीत आहोत.

ओझे न उचलता अंग का दुखते? माणसाच्या डोक्याचे वजन सुमारे साडेचार ते पाच किलो असते. मान सरळ असताना ते मणक्यांवर तोलले जाते. मान झुकली की तो भार स्नायूंना पेलावा लागतो. स्नायू बराच वेळ आखडलेला राहिला की त्यातील बारीक रक्तवाहिन्या दाबल्या जातात, प्राणवायू कमी पोहोचतो व स्नायू थकतो. दातांवरील कीटण खरवडताना अवजार घट्ट धरावे लागते. त्याने मनगटातील मज्जातंतू दबून बोटांना मुंग्या येतात. त्यातच सकाळी एक दवाखाना, संध्याकाळी दुसरा आणि मध्ये लोकलमधील उभ्याने प्रवास!

आम्ही बँकेतील माणसे. दवाखान्याच्या कर्जाचे कागद पाहताना रुग्णाच्या खुर्चीचे वर्णन सविस्तर असते, डॉक्टरांच्या स्टुलाचा उल्लेख मात्र ओझरता. वास्तविक पहिला उपाय तोच आहे. स्टुलाची उंची अशी असावी की पावले जमिनीवर पूर्ण टेकतील. रुग्णाचे तोंड आपल्या कोपराच्या उंचीवर आणावे. वरचे दात आरशात पाहावेत. भिंगाचा चष्मा व जाड मुठीची अवजारे वापरावीत. प्रत्येक रुग्णानंतर उठून मान-खांदे मोकळे करावेत. मुंग्या वा बधिरपणा टिकून राहिल्यास वेदनाशामक गोळ्यांवर न भागवता तज्ज्ञांना दाखवावे. घरच्यांनी कर्ज काढून शिकविलेल्या मुलीचा हात चाळिशीतच थांबला, तर नुकसान साऱ्या घराचे होते.

१९४६ साली मजूरमंत्री असताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी कारखान्यातील कामाचे तास आठवड्याला ५४ वरून ४८ वर आणणारे विधेयक मांडले. कामगाराच्या शरीराला विश्रांती हवी, हे त्यामागील सूत्र. परंतु स्वतःच्या दवाखान्यात सुटीचा भोंगा वाजत नाही. तेथे ही मर्यादा डॉक्टरांनी स्वतःच घालून घ्यावी लागते.

अतिश्रमाने पाय रक्ताळलेल्या सोण भिक्खूला भगवान बुद्धांनी वीणेचा दाखला दिला होता. तार फार ताणली तरी सूर बिघडतो, फार सैल सोडली तरी बिघडतो. आपल्या तरुण डॉक्टरांनी, तसेच शिलाई मशीनवर वाकणाऱ्या आपल्या बंधू-भगिनींनीही, हा दाखला आपल्या शरीराला लावून पाहावा, ही नम्र विनंती.