नेम आणि नियम – ५ : पहिली बंदूक, कमी पैशांत

मागच्या भागात उभं राहण्याची ढब आणि श्वासाचा ताल पाहिला. आता हातात काय धरायचं ते ठरवू. सुट्टी लागली की घरातली पोरं मोबाईलवर एअरसॉफ्ट शॉटगनचं चित्र दाखवतात. पंप ओढा, चाप दाबा, एका दमात तीन गोळ्या, आणि किंमतही आवाक्यातली. चंद्रपूर-गडचिरोलीतल्या पालकांनी होकार देण्याआधी एकच गोष्ट विचारावी : नळीचं माप किती?

एअरसॉफ्टचा खेळ १९७०च्या दशकात जपानात रुजला. खऱ्या बंदुकांवर तिथे कडक निर्बंध, म्हणून हुबेहूब दिसणारी आणि ६ मिलिमीटरची प्लास्टिकची गोळी फेकणारी बंदूक आली. ०.२० ग्रॅमची गोळी सेकंदाला १०० मीटर वेगाने सुटली, तर तिची ऊर्जा भरते १ ज्यूल. अंगावर तिचा चटका बसतो, उघडा डोळा मात्र कायमचा जाऊ शकतो. तिच्यातला स्वस्त प्रकार स्प्रिंगचा. बॅटरी नको, गॅस नको. प्रत्येक बारासाठी हाताने पंप ओढायचा.

आपल्याकडे गाडी अडते ती मापावर. २०१६च्या शस्त्र नियमांनुसार हवेची बंदूक परवान्याविना ठेवायची, तर ऊर्जा २० ज्यूलच्या आत हवी आणि नळी ४.५ मिलिमीटरपेक्षा, म्हणजे ०.१७७ इंचापेक्षा, मोठी नको. एअरसॉफ्ट पहिल्या अटीत सहज बसते, दुसरीत बसत नाही. तेव्हा ‘खेळणंच आहे’ या दुकानदाराच्या शब्दावर पैसे मोजू नका.

दुसरा धोका दिसण्याचा. गडचिरोलीत १९९०पासून पोलिसांच्या नक्षलविरोधी सी-६० पथकाचे जवान जंगल पिंजून काढतात. भरमार, म्हणजे तोंडातून दारू ठासायची बंदूक, इथल्या माणसाने बातम्यांतून वर्षानुवर्षं ऐकली आहे. तिन्हीसांजेला काळी शॉटगन घेऊन नाल्याकाठी धावणारं पोर खेळतंय, हे लांबून कोण ओळखणार?

म्हणून नवशिक्यासाठी माझी निवड ठाम आहे : ४.५ मिलिमीटरची, नळी मोडून छर्रा भरायची साधी स्प्रिंगची एअर रायफल. घेताना ती खांद्याला लावून पाहा. दस्ता लांब असला की लहान मूल मागे झुकतं आणि नेमाची सवयच वाकडी लागते. चाप धक्का न देता सुटला पाहिजे. मागची निशाणी वर-खाली आणि डावी-उजवीकडे सरकली पाहिजे. दुर्बीण नंतर घ्या. आधी उघड्या निशाणीवर डोळा बसू द्या. जास्त ताकदीच्या मोहात पडू नका. २०२२मध्ये कैरोला ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील विश्वविजेता झाला तो १० मीटर एअर रायफलमध्ये, आणि त्या खेळातल्या बंदुकांची ऊर्जा सात-आठ ज्यूलच असते. लक्ष्यावरचा दहाचा ठिपका मात्र अवघा अर्धा मिलिमीटर!

वाचलेले पैसे आधी डोळ्यांवर खर्च करा : नेम धरणारा आणि शेजारी उभा असलेला, दोघांनाही संरक्षक चष्मा. मग चपट्या तोंडाचे छर्रे घ्या. ते पुठ्ठ्यात स्वच्छ गोल भोक पाडतात. छर्रे शिशाचे असतात, म्हणून हात धुतल्याशिवाय जेवणाच्या डब्याला हात लावायचा नाही. छर्रा भरताना मोडलेली नळी एका हाताने घट्ट धरून ठेवा. रिकामी बंदूक उडवू नका. आतला दट्ट्या आपटून खराब होतो.

आता सगळ्यात कळीची गोष्ट. ताडोबा-अंधारी असो, चपराळा असो की भामरागड, अभयारण्यात लेखी परवानगीशिवाय शस्त्र नेणं १९७२च्या वन्यजीव कायद्याने मना आहे, आणि पशुपक्ष्यांना इजा करणारं कोणतंही साधन त्या कायद्याच्या लेखी शस्त्रच. वन्य पक्ष्याला जखमी करणं हीसुद्धा शिकार ठरते. अरुणाचल प्रदेशात २०२१पासून लोकांनी आपल्या एअरगन सरकारजमा केल्या, कारण छर्ऱ्यांनी रानं मुकी होत चालली होती. आपल्या मोहफुलांच्या रानात अजून हरियाल बोलतात. ज्या पोराला एका वेळी दहा छर्रे कागदावर मारून बंदूक खाली ठेवता येत नाही, त्याच्या हाती ती अजून द्यायची नाही.

पुढच्या भागात : घराच्या परसात छर्रा अडवणारी पेटी कशी बांधायची.