कानात दोष, पण नेमका कुठे?

माणसाला कमी ऐकू येऊ लागले की आपल्याकडे दोन निदाने ठरलेली असतात. लहान मूल असेल तर ‘त्याचे लक्ष नाही’ आणि मोठे माणूस असेल तर ‘आता वय झाले’. उपायही ठरलेलाच, कोमट तेलाचे दोन थेंब! परंतु बहिरेपणाची कारणे अनेक असतात. दोष मध्यकर्णात आहे की नाही, हे सांगणारी एक साधी तपासणी आहे. तिला टिंपॅनोमेट्री म्हणतात.

मध्यकर्ण म्हणजे कानाच्या पडद्यामागील हवेची पोकळी. हातोडी, ऐरण आणि रिकीब ही शाळेत शिकलेली तीन हाडे तिच्यातच असतात. नाकामागून एक नळी तेथवर जाते व हवा खेळती ठेवते. पडद्याच्या दोन्ही बाजूंना हवेचा दाब सारखा असला म्हणजे पडदा मोकळेपणाने हलतो.

तपासताना कानात रबरी टोकाची बारीक नळी घट्ट बसवतात. यंत्र एक सूर सोडते, हवेचा दाब कमीजास्त करते आणि परत फिरणारा आवाज मोजते. त्यावरून पडदा किती हलला ते कळते. रुग्णाला काहीच सांगावे लागत नाही, म्हणून लहान मुलेही सहज तपासता येतात. डेन्मार्कच्या ऑटो मेट्झ यांनी १९४६ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनाने या पद्धतीचा पाया घातला.

यंत्र आलेख काढते. टेकडीसारखे शिखर मधोमध आले तर पडद्याची हालचाल व आतला दाब ठीक. शिखर डावीकडे सरकले तर नळी नीट उघडत नाही; सर्दीत असे होते. टेकडीच नाहीशी होऊन रेघ सपाट आली तर बहुधा पडद्यामागे पाणी साचलेले असते किंवा पडद्याला छिद्र असते. यंत्राने मोजलेली पोकळी नेहमीपेक्षा मोठी भरली तर छिद्राचा संशय घ्यावा. अशा कानात तेल घालणे घातक होय.

साचलेले पाणी बहुधा दुखत नाही, म्हणून मूल तक्रार करीत नाही. ते वर्गात मागे पडते आणि ‘ढ’ ठरते! पुष्कळदा हे पाणी तीनेक महिन्यांत आपोआप ओसरते. न ओसरल्यास त्यावर उपचार आहेत.

मात्र आलेख चांगला म्हणजे कान चांगला, असे नव्हे. माझ्या वडिलांची उमेद खामगावला जिनिंगच्या खडखडाटात गेली. त्यांचा आलेख अगदी निर्दोष आला. दोष आंतरकर्णात होता, हे ऐकण्याच्या दुसऱ्या चाचणीने, ऑडिओमेट्रीने, दाखवले. त्यांना थेंबांची नव्हे, श्रवणयंत्राची गरज होती.

केंद्र सरकारने २००६-०७ साली बधिरता प्रतिबंधाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. पण मुलाला दवाखान्यापर्यंत नेणारे कोणीतरी हवे. आपल्यापैकी पुष्कळजण उद्या खेड्यापाड्यांत शिक्षक होतील. हाक मारूनही न वळणाऱ्या मुलाला छडी दाखवण्यापूर्वी त्याला पहिल्या बाकावर बसवावे आणि त्याचे कान तपासून घ्यावेत, एवढीच माझी विनंती आहे.