फवारले एक, मोजले दुसरे : कीटकनाशक अवशेषांच्या व्याख्येचा मागोवा

धान्यात, फळात किंवा भाजीत कीटकनाशकाचा अवशेष किती आहे हे यंत्र सांगते. पण अवशेष म्हणजे नेमके कोणते संयुग, हे आधी यंत्राला सांगावे लागते. फवारलेले औषध पिकावर जसेच्या तसे राहत नाही. ऊन त्याला तोडते, पानातली एन्झाइमे त्याला ऑक्सिजन जोडतात, कधी साखरेच्या रेणूशी बांधून टाकतात. काढणीच्या दिवशी फळात मूळ रेणू थोडा आणि त्याची पिलावळ जास्त, अशीही स्थिती असते. यांपैकी कोणाकोणाला मोजायचे आणि कोणाला सोडायचे हे ठरवणारे एक-दोन ओळींचे वाक्य म्हणजे अवशेषाची व्याख्या. कमाल अवशेष मर्यादा, म्हणजे बागायतदारांच्या तोंडी असलेले ‘एमआरएल’, या वाक्यावर उभी असते. वाद मात्र नेहमी आकड्यावरून होतात; वाक्य वाचण्याच्या फंदात फारसे कोणी पडत नाही.

आरंभीच्या काळात या वाक्याची गरजच नव्हती. १९०० साली इंग्लंडमध्ये मँचेस्टरच्या परिसरात बिअरमधून आर्सेनिकची मोठी विषबाधा झाली. तिची चौकशी करणाऱ्या, लॉर्ड केल्विन यांच्या अध्यक्षतेखालील रॉयल कमिशनने १९०३ मध्ये खाद्यपदार्थांसाठी पौंडामागे ग्रेनचा शंभरावा भाग, म्हणजे किलोमागे सुमारे १.४ मिलीग्रॅम, ही आर्सेनिकची मर्यादा सुचवली. पुढे १९२५-२६च्या सुमारास अमेरिकेतून आलेल्या सफरचंदांवर लेड आर्सेनेट या कीटकनाशकाचा थर सापडला, ब्रिटनने तक्रार केली, आणि बिअरसाठी नेमलेल्या आयोगाचा हा आकडा फळांनाही लागू झाला. आर्सेनिक हे मूलद्रव्य आहे. ते कोणत्याही संयुगात असो, फळ आम्लात उकळले की एकूण आर्सेनिक मोजता येते. व्याख्येचा प्रश्न निसर्गानेच सोडवून ठेवला होता.

सेंद्रिय कीटकनाशके आली आणि ही सोय संपली. पॉल म्यूलर यांनी १९३९ मध्ये डीडीटीचा कीटकनाशक गुण ओळखला, १९४८ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. पण डीडीटी डीडीटी राहत नाही. त्याचे डीडीई होते, टीडीई होते, आणि डीडीई तर चरबीत मूळ संयुगापेक्षाही चिवटपणे मुक्काम ठोकते. आल्ड्रिन मातीत टाकले की त्याचे डिल्ड्रिन होते, तेही तेवढेच विषारी आणि जास्त टिकाऊ. हेप्टाक्लोरचे इपॉक्साइड होते, एंडोसल्फानचे सल्फेट. अशा वेळी केवळ मूळ रेणू मोजणे म्हणजे चोराचे बदललेले कपडे पाहून त्याला सोडून देण्यासारखे होते. म्हणून बेरजेच्या व्याख्या आल्या. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकांत आजही डीडीटी म्हणजे त्याचे दोन समघटक, डीडीई आणि टीडीई यांची बेरीज. आल्ड्रिन आणि डिल्ड्रिन यांची मर्यादा एकत्रच.

आंतरराष्ट्रीय व्यापारात या व्याख्या एकसारख्या असाव्यात म्हणून जी यंत्रणा उभी राहिली तिचा जन्म १९६०च्या दशकातला. अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या तज्ज्ञांची संयुक्त सभा, म्हणजे जेएमपीआर, १९६३ पासून दरवर्षी औषधांचा आढावा घेऊ लागली. कोडेक्सच्या अवशेष समितीची पहिली बैठक १९६६ मध्ये हेग येथे झाली. तज्ज्ञसभा व्याख्या आणि मर्यादा सुचवते, समितीत देश त्यावर घासाघीस करतात; ही विभागणी आजही तशीच आहे.

बेरजेची व्याख्या का लागते याचा धडा १९८५ मध्ये अमेरिकेत मिळाला. जुलैच्या सुट्टीच्या दिवसांत कॅलिफोर्नियाची कलिंगडे खाऊन शेकडो लोक मळमळ, घाम आणि स्नायूंच्या झटक्यांनी आजारी पडले. कारण निघाले आल्डिकार्ब हे कीटकनाशक; ते कलिंगडावर वापरायला परवानगीच नव्हती. फळात सापडले ते मात्र मुख्यतः आल्डिकार्ब सल्फॉक्साइड. व्याख्येत सल्फॉक्साइड आणि सल्फोन नसते, तर तीच कलिंगडे कागदावर निर्दोष ठरली असती.

मँकोझेबसारख्या डायथायोकार्बामेट बुरशीनाशकांनी तर व्याख्येची परीक्षाच पाहिली. द्राक्षावरचा केवडा आणि बटाट्यावरचा करपा यांवर पिढ्यान्‌पिढ्या हा फवारा चालत आला आहे. हे बहुवारिक धातुसंयुग आहे. ते नेहमीच्या द्रावकांत विरघळतच नाही, त्यामुळे ते फळातून जसेच्या तसे काढून मोजणे जवळपास अशक्य. प्रयोगशाळांनी वेगळी वाट काढली. नमुना आम्लात, स्टॅनस क्लोराइड घालून तापवायचा, बाहेर पडणारा कार्बन डायसल्फाइड पकडायचा आणि तोच अवशेष समजायचा. व्याख्याही तशीच लिहिली गेली: ‘एकूण डायथायोकार्बामेट, कार्बन डायसल्फाइडच्या रूपात’. म्हणजे मोजता येते ती वस्तूच अवशेष ठरली. परिणाम विनोदी म्हणावेत असे झाले. फवारले मँकोझेब, प्रोपिनेब की थायरम, हे अहवाल सांगू शकत नाही, आणि या औषधांचा विषारीपणा सारखा नाही. कोबी, मोहरी, कांदा यांत गंधकाची नैसर्गिक संयुगे असतात. त्यांच्यातून फवाऱ्याविनाही कार्बन डायसल्फाइड निघतो. तपासनीसाच्या रबरी मोज्यांतूनही तो निघू शकतो. आणि खरी अडचण पुढेच आहे. मँकोझेबपासून तयार होणारे, शिजवताना वाढणारे आणि थायरॉइडवर परिणाम करणारे ईटीयू नावाचे संयुग या पद्धतीत पकडलेच जात नाही. कायदा ज्याला मोजतो ती नुसती खूण, आणि ज्याची भीती ते हिशेबाबाहेर.

इथून दोन वाटा फुटल्या. बाजारातून नमुना उचलणाऱ्या निरीक्षकाला हवी असते सोपी, स्वस्त, न्यायालयात टिकणारी खूण. शक्यतो एकच संयुग, जे नेहमी सापडते आणि दुसऱ्या कशातून येत नाही. आहारातून माणसाच्या पोटात किती विष जाते हे पाहणाऱ्याला मात्र विषारी अशी सगळीच संयुगे हवीत, मग ती मोजायला कितीही कटकटीची असोत. दोघांना एकच व्याख्या बसवण्याचा हट्ट सोडून १९९०च्या दशकात जेएमपीआरच्या अहवालांत एकाच औषधाच्या दोन व्याख्या स्वतंत्रपणे मांडण्याची पद्धत रूढ होत गेली: एक अंमलबजावणीसाठी, दुसरी जोखीम-मूल्यमापनासाठी. दोहोंमधला सांधा म्हणजे रूपांतराचा गुणक. प्रयोगांत एकूण विषारी अवशेष मूळ संयुगाच्या तिप्पट भरत असेल, तर निरीक्षकाचा आकडा तिनाने गुणून आहाराचा हिशेब करायचा. अवशेषांच्या साऱ्या इतिहासात याहून शहाणपणाचा निर्णय दाखवणे अवघड आहे.

पण कोणती संयुगे पिकात तयार होतात हे आधी कळायला हवे. त्यासाठी औषधाच्या रेणूत किरणोत्सारी कार्बन-१४ बसवून ते पिकावर फवारतात आणि काढणीनंतर किरणोत्सार कुठे कुठे गेला याचा माग काढतात. पशूंसाठी दुभती शेळी आणि अंडी देणारी कोंबडी. विकसित देशांच्या ओईसीडी या संघटनेने या चाचण्यांच्या मार्गदर्शिका २००७ मध्ये आणि व्याख्या ठरवण्याचा मार्गदर्शक दस्तऐवज सुधारून २००९ मध्ये दिला. एकूण किरणोत्सारात दहा टक्क्यांहून मोठा वाटा असलेल्या संयुगाची ओळख पटवणे हा साधारण दंडक. कंद, पालेभाजी, फळ, डाळी-तेलबिया आणि तृणधान्य या पाच गटांतील तीन वेगळ्या गटांत चयापचय सारखाच दिसला, तर ती व्याख्या सर्व पिकांना लागू धरतात. याला अपवाद जनुकबदल केलेल्या पिकांचा. ग्लायफोसेट सहन करणाऱ्या काही सोयाबीन-मका वाणांत एन-असिटाइल ग्लायफोसेट तयार होते, म्हणून त्या पिकांच्या व्याख्येत ते जोडावे लागले. इतरत्र ग्लायफोसेट एकटेच पुरते.

बेरजेच्या व्याख्येत रेणूभाराचे गणितही दडलेले असते. बेनोमिल आणि थायोफनेट-मिथाइल दोन्ही पिकात कार्बेन्डाझिम होतात, म्हणून तिघांची बेरीज कार्बेन्डाझिमच्या रूपात मांडतात: बेनोमिलचा एक मिलीग्रॅम ०.६६ धरायचा, थायोफनेट-मिथाइलचा ०.५६. हा गुणक विसरलेला अहवाल चांगल्या मालाला नापास करू शकतो.

यंत्रांनीही व्याख्येवर हुकूमत गाजवली. इमिडाक्लोप्रिडची कोडेक्स व्याख्या त्याच्या ६-क्लोरोपिरिडिन असलेल्या साऱ्या संयुगांची बेरीज धरते. त्यासाठी नमुन्याचे ऑक्सिडीकरण करून सगळ्यांचे एकच आम्ल करावे लागते, आणि तेच आम्ल असिटामिप्रिडपासूनही येते. २००३ मध्ये क्वेचर्स ही झटपट निष्कर्षण पद्धत प्रसिद्ध झाली, सोबत द्रव-वर्णलेखन आणि वस्तुमान-वर्णपटमापी यांची जोडी प्रयोगशाळांत रुळली, आणि एका नमुन्यातून शेकडो औषधे एकदम मोजली जाऊ लागली. आम्लात उकळण्याची चैन कोणाला परवडेना. व्याख्या पुन्हा मूळ संयुगाकडे सरकू लागल्या.

याच सुमारास महाराष्ट्राची द्राक्षे या व्याख्यांच्या कचाट्यात सापडली. २००३ मध्ये नेदरलँड्समध्ये भारतीय द्राक्षांत मेथोमिल आणि असिफेट यांचे अवशेष जादा आढळले. असिफेटचे पिकात मेथामिडोफॉस होते आणि त्याची मर्यादा वेगळी असते. बागेत कधी न आणलेल्या औषधाचे नाव अहवालात दिसते ते असे. थायोडिकार्ब फवारले तरी निघते मेथोमिल, म्हणून या दोघांची बेरीज धरण्याची पद्धत पडली होती. त्यानंतर अपेडा या कृषी-निर्यातीच्या सरकारी संस्थेने अवशेष-नियंत्रण योजना आखली, पुण्याजवळ मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राकडे संदर्भ प्रयोगशाळेची जबाबदारी आली आणि २००६-०७च्या हंगामात निर्यातीच्या द्राक्षांचा बागेपर्यंत माग ठेवणारे ग्रेपनेट सुरू झाले. तरीही २०१० मध्ये माल अडकलाच. वेलीची वाढ रोखण्यासाठी खरड छाटणीनंतर वापरलेले ‘सीसीसी’, म्हणजे क्लोरमेक्वाट, काडीतून घडात उतरले होते. युरोपची तेव्हाची मर्यादा किलोमागे ०.०५ मिलीग्रॅम. हा विद्युतभारित रेणू नेहमीच्या बहु-अवशेष चाचणीत दिसतच नाही, त्याला स्वतंत्र पद्धत लागते. चाचणीच्या यादीत ते नव्हते म्हणून अहवाल स्वच्छ आले आणि बंदरात माल मात्र थांबला.

बेरजेची आणखी एक उणीव ओमेथोएटने दाखवली. डायमेथोएटपासून तयार होणारे ओमेथोएट कित्येक पट विषारी. पण युरोपात दोघांची बेरीज डायमेथोएटच्या मापानेच दीर्घकाळ होत राहिली. पुढे दोघांच्या मर्यादा वेगळ्या केल्या गेल्या आणि २०१९ मध्ये डायमेथोएटची मान्यताच नाकारली गेली. ज्या संयुगांची विषचाचणी झालेलीच नाही त्यांच्यासाठी युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०१६च्या मार्गदर्शिकेत विषचिंतेच्या उंबरठ्याची कल्पना आली. जनुकांना इजा करण्याचा संशय असेल तर शरीरभाराच्या किलोमागे दिवसाला ०.००२५ मायक्रोग्रॅम, त्याखाली काळजी नाही.

व्याख्येच्या ताकदीचे अगदी अलीकडचे उदाहरण तिळाचे आहे. २०२०च्या सप्टेंबरमध्ये बेल्जियमने भारतीय तिळात इथिलीन ऑक्साइड सापडल्याचा इशारा दिला आणि युरोपभर माल मागे घेण्याची लाट उठली. धुरीचा हा वायू उडून जातो. क्लोराइडशी संयोग होऊन मागे उरते ते २-क्लोरोइथेनॉल. युरोपची व्याख्या दोघांची बेरीज धरते, २-क्लोरोइथेनॉलला ०.५५ने गुणून. त्याच्या घातकतेबद्दलचा पुरावा अपुरा असल्याने ते इथिलीन ऑक्साइडइतकेच धोकादायक समजावे, असा सावध सल्ला जर्मनीच्या बीएफआर या जोखीम-मूल्यमापन संस्थेने दिला. अमेरिकेत दोन्ही संयुगे वेगवेगळी मोजतात. तिळासाठी किलोमागे युरोपची एकत्रित मर्यादा ०.०५ मिलीग्रॅम, अमेरिकेची इथिलीन ऑक्साइडसाठी ७ आणि २-क्लोरोइथेनॉलसाठी ९४० मिलीग्रॅम.