आधी कागदावर, मग कॅमेऱ्यासमोर

करमाळा तालुक्यातील जेऊरचे नागराज मंजुळे यांचा ‘पिस्तुल्या’ हा लघुपट राष्ट्रीय पुरस्कारास पात्र ठरला, आणि २०१३ साली ‘फँड्री’ आला. सोलापूर जिल्ह्यातील कथा पडद्यावर येऊ शकते, हे तेव्हा सर्वांना दिसले. आज ज्या युवक-युवतींच्या हाती मोबाईलचा कॅमेरा व थोडे पैसे आहेत, त्यांच्यासाठी हा लेख.

अल्प खर्चाच्या चित्रपटात सर्वांत महाग वस्तू म्हणजे चित्रीकरणाचा दिवस होय. कलाकार जमलेले, घर मागून घेतलेले, आणि कॅमेरा कोठे ठेवावा यावर वाद सुरू. तोवर ऊन चढते. हा वाद आठवडाभर आधी कागदावर मिटविता येतो.

ही रीत आपल्याकडे जुनी आहे. कोल्हापूरचे कलामहर्षी बाबूराव पेंटर हे मुळात चित्रकार. पात्रे, वेशभूषा, हालचाली यांची रेखाटने ते स्वतः करीत. ‘सावकारी पाश’ (१९२५) हा त्यांचा मूकपट. संवाद ऐकू येत नसल्याने सारा आशय चित्रालाच वाहावा लागे. पुढे बंगालमध्ये सत्यजित राय यांनी ‘पथेर पांचाली’साठी रीतसर पटकथेऐवजी टिपणे व शाईची रेखाचित्रे केली, आणि तीच निर्मात्यांना दाखविली.

आपण पेंटर वा राय नाही, म्हणून बिचकू नये. काड्यांची माणसे पुरतात. उदाहरणार्थ, एक प्रसंग घेऊ: कुंभारी येथील विडी कामगारांच्या वसाहतीतील घर, आई विड्या वळते आहे, नापास झालेली मुलगी दारात येते. वहीच्या पानावर तीन आडव्या चौकटी आखाव्यात. पहिलीत केवळ आईचे हात, सूप व तेंदूपान. दुसरीत त्याच सुपावर पडलेली मुलीची सावली. तिसरीत आईचा वर उचललेला चेहरा. येथे संवादाची गरज उरली का? माझ्या मते नाही. आणि ध्वनिमुद्रणाचा खर्चही वाचला.

चौकटीशेजारी चार गोष्टी लिहाव्यात: कॅमेरा कोठे, प्रकाश कोणत्या दिशेने, कोणती वस्तू लागेल, वेळ कोणती. सुपावर सावली हवी, तर दार पूर्वेस असल्यास सकाळीच चित्रीकरण करावे लागेल. सोलापूरचे दुपारचे ऊन डोक्यावरून येते. त्यात चेहऱ्यावर डोळ्यांच्या जागी काळे खड्डे दिसतात. आई व मुलगी यांच्यामध्ये एक रेषा कल्पून कॅमेरा तिच्या एकाच बाजूस ठेवावा, अन्यथा जोडणीनंतर दोघी एकाच दिशेला पाहत आहेत असे भासते. ही चूक फार होते, आणि कागदावर ती लगेच दिसते.

चौकटी झाल्या की त्या कापून निराळ्या क्रमाने लावाव्यात. कथेचा क्रम बाजूला ठेवून, एकाच जागेवरून घ्यायची दृश्ये सलग घ्यावीत.

तरीही चित्रीकरणाच्या आदल्या दिवशी, त्याच वेळी, स्थळ पुन्हा पाहून यावे. १९५२ साली राय यांनी काशफुलांच्या माळावर एक दिवस चित्रीकरण केले. आठवड्याने परतले, तो गुरांनी फुले फस्त केली होती. उरलेल्या दृश्यांसाठी त्यांना पुढील हंगामाच्या फुलांची वाट पाहावी लागली.