ओल्या काचेवरील छायाचित्र

१८५१ सालीं फ्रेडरिक स्कॉट आर्चर यांनीं प्रसिद्ध केलेली ही रीत हौशी लोक आजहि चालवितात. आयोडाइड मिसळलेलें कलोडियन काचेवर ओतावयाचें, काच अंधाऱ्या खोलींत सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावांत बुडवावयाची, आणि ती ओली आहे तोंवरच चित्र घेऊन धुवावयाचें. मुंबईस १८५४ सालीं फोटोग्राफिक सोसायटी निघाली, डॉ. भाऊ दाजींचे बंधु नारायण दाजी त्याच काळचे छायाचित्रकार. पण मुंबईची दमट हवा निराळी, गेवराईचा वैशाख निराळा! येथें ओल कांहीं मिनिटांतच उडते. म्हणून पहांटेची वेळ धरावी व अंधारी खोली कॅमेऱ्याला लागूनच असावी.

कलोडियनांत ईथर असतें. त्याची वाफ हवेहून जड. ती जमिनीलगत पसरते आणि दूरच्या कंदिलानेंहि पेट घेते. तेव्हां खोलींत वारा खेळता हवा, विडी तर नकोच. जुने लोक चित्र पक्कें करण्यास पोटॅशियम सायनाइड हें जहाल विष वापरीत; नवख्यानें हायपोच घ्यावा. सिल्व्हर नायट्रेटचा बोटावरील काळा डाग कालांतरानें जातो, डोळ्यांत उडालेला थेंब मात्र दृष्टि नेऊं शकतो. चष्मा लावल्यावांचून बाटली उघडूं नये.

राहिलें पाणी. विहिरीच्या खाऱ्या पाण्यानें चांदीचा द्राव दुधासारखा पांढरा होतो व वायां जातो. त्यासाठीं ऊर्ध्वपातित पाणीच आणावें.