परसातली मिरची

सोलापूरजवळच्या कुंभारीत २००६ साली बिडी-कामगार स्त्रियांच्या हाती १०,००० घरे आली. तसल्या घरापुढच्या हातभर अंगणात, किंवा आपल्या गच्चीवर, मिरचीची चार झाडे सहज होतात. मात्र वेळ साधली पाहिजे.

उष्मा ३५ अंशांच्या वर गेला की मिरचीची फुले गळतात, आणि सोलापूरचा मे तर चाळिशी ओलांडणारा. म्हणून फुलोरा श्रावणात यावा, असा हिशेब आधी मांडावा. मेच्या मध्यास बी सावलीत, अर्धा सेंटिमीटर खोल पेरावे. आठ-दहा दिवसांत ते उगवते. पाच-सहा आठवड्यांचे रोप पावसाच्या झडीत, संध्याकाळी हलवावे.

रोपे मरतात ती बहुधा आपल्या मायेने. माती ओली असतानाही आपण पाणी घालतो; काळी माती ते धरून ठेवते, बुरशी लागते आणि रात्रीत रोप कोलमडते. यासाठी मातीत वाळू व कुजलेले शेणखत मिसळावे. बोट खुपसून पाहावे. कोरडे लागले तरच पाणी द्यावे.

पाने आकसली तर तो बोकड्या. फुलकिडे, कोळी व पांढरी माशी यांकडे तेव्हा लक्ष द्यावे. विषाणूने आकसलेले झाड बरे होत नाही; शेजारची झाडे वाचवण्यासाठी ते उपटावेच लागते.

शेवटी एक विनंती. सगळ्यांत निरोगी झाडावरच्या दोन-चार मिरच्या तोडू नका. लाल होऊ द्या, सावलीत वाळवा. पुढच्या मेचे बी घरचेच असेल.